शेवंतीचा इसार

कडबाकुट्टीच्या तोंडात मक्याची पेंढी सरकत होती आणि नवनाथची दृष्टी यंत्राच्या पत्र्यावर टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर खिळली होती. पेंढी संपत आली, तरी त्याचा हात पुढेच सरकत राहिला.

"हात बघ! आरं, हात!" गोठ्याच्या दारातून अर्जुनराव ओरडले.

नवनाथने हात मागे ओढला. पेंढीचा उरलेला बुडखा पात्यांनी कडकडत आत घेतला आणि चिरलेल्या मक्याचा ओलसर, गोड वास क्षणभर दरवळला.

"बोट तुटलं तर कंपनी गेटातबी उभी करायची न्हाई."

"आत्ता तरी कुठं करतीया, आबा?"

चाकणजवळच्या एका कारखान्यात नवनाथ कंत्राटावर पत्रे दाबण्याच्या यंत्रापाशी उभा राहत असे. होळीनंतर त्याला 'ब्रेक' मिळाला. पुन्हा बोलावू, असे सांगून कंत्राटदाराने त्याचे ओळखपत्र काढून घेतले; वैशाख लागला तरी बोलावणे आले नव्हते. तेव्हापासून ह्या तिशीतल्या पुरुषाचा देह गोठ्यात वावरे आणि चित्त त्या हातभर अंतरावरच्या काचेत अडकलेले असे. रात्री तो अंगणात फेऱ्या घाली, जेवताना घास हातात धरून बसे, आणि कोणी हाक मारली की दचके.

निघोज्याच्या शिवारातली त्यांची जमीन कारखान्यांच्या भिंतींआड गेली होती. दोन भिंतींच्या मधोमध उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर घर, पत्र्याचा गोठा आणि दोन म्हशी एवढेच आता अर्जुनरावांचे म्हणता येण्यासारखे राहिले होते. थोरली म्हैस गाभण होती, तिचे दूध आटले होते. धाकटी शेवंती दुसऱ्या वेताची. तिच्याच दुधावर घर चालत होते. नवनाथची पत्नी वर्षाली ते स्कूटरवरून कामगारांच्या खोल्यांवर घालून येई.

उन्हाळ्याने चारा महाग केला होता आणि शेजारची विहीर तळाला गेली होती. विंधनविहीर घ्यावी म्हणून जमिनीच्या मोबदल्यातला अखेरचा भाग बँकेत राखून ठेवला होता. माघात नवनाथने तो वडिलांच्या संमतीने त्या मोबाइलमधल्या नाण्यात गुंतवला. ते नाणे हातात धरता येत नव्हते. त्याचा भाव मात्र दर घटकेला वाढताना दिसे. कारखान्यातला सोबती प्रितम याने त्याला मोबाइलवरच्या एका समूहात घेतले होते. तिथली दिव्या मॅडम रोज सकाळी सुप्रभात म्हणे आणि आज कोणते नाणे घ्यावे ते सांगे. नुकसान होणारच नाही, अशी तिची हमी असे. आरंभी नवनाथने थोडेसे घातले होते, ते नफ्यासकट परत आले. त्या नफ्यातून गोठ्यात पंखा लागला. त्या वाऱ्याखाली शेवंती डोळे मिटून रवंथ करू लागली, तेव्हा अर्जुनरावांच्या मनातली शंका मिटली होती.

मीठ-भाकरी आणि ताकाची वाटी पुढ्यात असताना नवनाथने शेवटी विषय काढला.

"आबा, पैसे काढायचे तर आधी टॅक्स भरावा लागतोय. आज सहाच्या आत. न्हाईतर खातं गोठवत्यात."

"भर की मंग."

"भरायला हायत कुठं?" नवनाथने भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. "आज शनिवार हाय. शेवंतीला चाकणच्या बाजारात नेऊ. पैसे निघाले की हिच्यापरीस चांगल्या चार म्हशी आनू."

दुर्गाबाई चुलीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. "दुभती म्हस इकायची? आन् उद्या खोल्यांवर काय पानी घालायचं?"

"आये, इथं बघ." त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. "एवढे दिसत्यात. हे आपले हायत."

"दिसत्यात म्हंजे? हातात कवा येनार?"

"टॅक्स भरला की."

वर्षाली दाराशी दुधाचे कॅन विसळत होती. ती हळूच म्हणाली, "पहिल्यांदा काढले तवा कुठं भरला होता टॅक्स?"

"ते थोडे होते. तुला त्यातलं काय कळतंय?"

"कळत न्हाई म्हनून तर इचारलं."

नवनाथने कॅनला लाथ मारली. कॅन अंगणात गडगडत गेला. वर्षालीने तो उचलून आणला, पुन्हा विसळला आणि पालथा घातला. अर्जुनरावांना पोराचे वागणे रुचले नाही. पण ताटावरून उठलेला मुलगा आणि भिंतीमागे वाजणारा शिफ्टचा भोंगा या दोहोंनी त्यांचा जीव कासावीस झाला होता. काहीतरी एकदाचे निकालात निघावे, असे त्यांना वाटले. मोबदल्यातून हे पैसे काढताना बँकेच्या कागदावर आपणच सही केली होती, हेही ते विसरले नव्हते.

"सोड दावं," ते म्हणाले.

शेवंती दुर्गाबाईंवाचून कोणाच्या मागे चालत नसे, म्हणून त्याही निघाल्या. टेम्पोचे भाडे वाचवायचे होते. रस्त्याचे डांबर तापून मऊ झाले होते. दुर्गाबाईंनी म्हशीच्या पाठीवर भिजवलेले पोते टाकले आणि तिला कडेच्या मातीवरून चालवले. मोटारी लादलेले लांबलचक कंटेनर अंगावरून जावेत तसे जात. त्यांच्या भोंग्यासरशी शेवंती थबके, कान मागे टाकी आणि दुर्गाबाईंच्या खांद्याला नाक लावून उभी राही.

"चल बाय. काय न्हाई करत ते. चल."

नवनाथ पुढे जाई, मागे येई, मोबाइल पाही, पुन्हा पुढे जाई.

"आरं, एका जागी चाल की," अर्जुनराव म्हणाले. "तुझ्याकडं बघून जनावर बुजतंय."

"आबा, दोन वाजून गेले!"

"तुझ्या त्या मॅडमला सांग, म्हस मोटारीसारखी पळत न्हाई."

बाजारात लिंबाच्या विरळ सावलीत जनावरे दाटीने बांधली होती. शेणाचा, घामाचा, तापलेल्या लोखंडाचा वास एकवटला होता. अर्जुनरावांनी उभी हयात ह्या बाजारात बैल घेतले आणि विकले होते. आज प्रथमच ते घरची दुभती म्हैस घेऊन आले होते. ओळखीचे लोक राम राम करीत, मग शेवंतीच्या कासेकडे पाहत आणि अधिक विचारायचे टाळत. तो संकोच त्यांना उन्हापेक्षा अधिक पोळत होता.

व्यापारी जहीर त्यांना हेरून आला. मंचरचा हा जाडजूड मनुष्य, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. त्याच्या वडिलांशीही अर्जुनरावांचे व्यवहार झाले होते.

"काय अर्जुनराव, म्हस आजारी हाय का तुमी?"

"दोघंबी धडधाकट हायत."

"मग दुभती का काढली?" उत्तराची वाट न पाहता तो खाली वाकला. त्याने शेवंतीचे ओठ फाकवून दात पाहिले, कासेवरून तळवा फिरवला, चारही सड एकेक करून चाचपले. शेवंतीने पाय झाडला. दुर्गाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि आपले तोंड दुसरीकडे वळवले.

"वहिनी, खोड काय हाय का?"

"परक्याला पान्हा सोडत न्हाई. दुसरी खोड न्हाई."

जहीरने खांद्यावरचा रुमाल काढला. त्याच्याखाली दोघांचे हात गेले. भाव तोंडाने उच्चारायचा नाही, बोटे दाबून सांगायचा, अशी ह्या बाजाराची जुनी रीत. रुमाल हलत होता. वर दोन्ही चेहरे निर्विकार. अर्जुनरावांनी दोनदा हात सोडवून घेतला, जहीरने दोनदा तो पुन्हा धरला. तिसऱ्यांदा रुमाल स्थिर झाला.

"ठरलं," जहीर म्हणाला. "हा इसार घ्या. बाकी रोख, गाडीत चढवताना."

तो नोटा काढू लागला, तसा नवनाथ पुढे सरसावला. "चाचा, इसार माझ्या फोनवर टाका ना."

जहीरने अर्जुनरावांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. पैसे आले, मोबाइल किणकिणला आणि नवनाथ लगबगीने चहाच्या टपरीमागे गेला.

थोड्याच वेळात तो परतला तेव्हा त्याचा चेहरा फुललेला होता. कित्येक दिवसांनी तो वडिलांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला. "आबा, काम झालं. सगळा टॅक्स भरायला वेळ लागतोय म्हनून आत्ता आलेला इसार तिकडं पाठवून दिला. आता बाई बांधली गेली. आता तिला पैसे द्यावंच लागतील."

"कोन बांधली गेली?"

"दिव्या मॅडम. इसार दिला की समोरचा बांधला जातो, तुमीच सांगता की!"

अर्जुनराव रुमालातून नुकताच मोकळा झालेला आपला हात पाहत उभे राहिले. बाजाराचा गलका चाललाच होता. मग त्यांनी अत्यंत सावकाश विचारले, "नवनाथ, आत्ता आपल्याला इसार कुनी दिला?"

"चाचानं."

"का दिला?"

"म्हस घ्यायची म्हनून."

"माल कुनाचा?"

"आपला."

"मंग तिकडं माल कुनाचा हाय?"

नवनाथने मोबाइलच्या काचेकडे पाहिले.

"पैसे तुझं. तिच्यापाशी पडल्यात. माल तुझा, आन् इसारबी तूच द्यायचा?" अर्जुनरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आरं, मालकाकडनं इसार घेनारा मानूस मी ह्या बाजारात आजवर बघितला न्हाई. आन् सकाळपासनं हे ऐकतोय, तरी माझ्या टाळक्यात शिरलं न्हाई. मीबी तसलाच."

दुर्गाबाईंनी दाव्याचा पीळ मुठीत घट्ट केला.

"तसं नसतं, आबा. हे ऑनलाइन हाय—" नवनाथ म्हणत होता, इतक्यात मोबाइल वाजला. दिव्या मॅडमच होती. अर्जुनरावांनी हात पुढे केला. नवनाथने क्षणभर घट्ट धरून मग मोबाइल दिला आणि आवाज मोठा केला.

"नवनाथ सर, पार्ट पेमेंट मिळालं. पण आता लेट फीसुद्धा लागली आहे. सहाच्या आत दोन्ही क्लिअर करा, मग लगेच रिलीज."

"बाई, मी त्याचा बाप बोलतोय."

"नमस्कार अंकल."

"नमस्कार. तुमचा टॅक्स का काय असंल तो आमच्याच पैशातनं कापून घ्या. उरलं ते पाठवा. आमची काय तक्रार न्हाई."

"तसं सिस्टममध्ये होत नाही, अंकल."

"दुप्पट कापा."

"अंकल, रूल आहे—"

"निम्मं ठेवून घ्या. माझा शब्द हाय. निम्मं तुमचं. निम्मं आत्ता पाठवा."

भोवती चार माणसे गोळा झाली होती. एकाने तोंडावर उपरणे धरून हसू दाबले. नवनाथची कानशिले लाल झाली होती.

"तुम्हाला ह्यातलं समजत नाही. मुलाला फोन द्या."

"निम्मं सोडतोय तरी घेत न्हाई तुमी." अर्जुनराव मोबाइल तोंडाजवळ धरून, बाजारात शेवटचा भाव सांगावा तसे बोलले. "म्हंजे बाई, तुमच्यापाशी द्यायला काय न्हाईच."

त्या आवाजातली साखर क्षणात गेली. दोन हिंदी शिव्या आल्या आणि फोन बंद झाला. नवनाथने मोबाइल हिसकावून घेतला, नाण्याचे ते ॲप उघडू लागला. काच उजळली, पांढरी झाली, पांढरीच राहिली. समूहातूनही त्याला काढून टाकले होते. तो अंगठ्याने काच पुनःपुन्हा खाली ओढत राहिला.

"आये, सकाळी दिसत होते," तो म्हणाला. "तू बघितलंस ना? दिसत होते."

"व्हय बाळा. दिसत होते."

जहीरने जमलेल्या माणसांना हाताने हटवले. "काय तमाशा हाय का? चला, आपापली जनावरं बघा." मग तो नवनाथच्या खांद्याला धरून म्हणाला, "रडायला रात्र पडलीय, भावा. आधी सायबरवाल्या पोलिसांच्या एकोणीसशे तीसला फोन लाव. एक, नऊ, तीन, शून्य. आमच्या पुतन्याचं, एहसानचं असंच झालं. तो लाजेनं आठवडाभर गप्प बसला, पैसे कुठल्या कुठं गेले. तू आत्ताच पाठवलेत, कदाचित वाटेत अडवतील. लाव!"

"आन् मागचे?"

"मागचंबी सगळं सांग. पन आस धरू नको. आणखी एक ऐकून ठेव. उद्या कुनीतरी फोन करील, गेलेले पैसे काढून देतो म्हनून. वकील म्हनंल, पोलीस म्हनंल. तोबी आधी फी मागंल. त्याच टोळीतला असतो."

नवनाथने क्रमांक फिरवला. पलीकडे संगीत वाजू लागले.

"आन् तो प्रितम?" दुर्गाबाईंनी विचारले. "त्यानं घातलं तुला ह्यात."

"त्याचेबी अडकल्यात, आये. तो आजच बायकोचं गंठन मोडनार हाय." स्वतःच्याच शब्दांनी तो चपापला. कानाशी मोबाइल तसाच धरून त्याने जहीरपुढे हात पसरला. "चाचा, तुमचा फोन द्या. आधी त्याला थांबवतो."

प्रितमशी तो फार बोलला नाही. "भरू नको. गंठन मोडू नको. सगळं खोटं हाय... व्हय, माझेबी गेले... शिव्या नंतर घाल. आधी वैनीला सांग." त्याने फोन परत दिला आणि तळहात विजारीला पुसला.

अर्जुनराव शेवंतीपाशी उभे होते. जहीर त्यांच्याजवळ आला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "अर्जुनराव, सौदा मोडायचा असंल तर मोडा. रीतीनं दुप्पट द्यावं लागतं, ते मी मागनार न्हाई. इसार जमंल तवा द्या."

दुर्गाबाईंनी आशेने पाहिले. अर्जुनरावांनी ते पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले.

"न्हाई," ते म्हणाले. "रुमालाखाली हात माझा होता."

"अवं, ते स्वतः म्हनत्यात—"

"म्हनू दे. त्यांचा मोठेपना हाय. पोराच्या डोळ्यादेखत मी शब्द फिरवला, तर आज त्याला काय शिकवलं मी?" मग त्यांचा स्वर मऊ झाला. "बाकीचं रोख तुझ्या पदरात पडंल. ते कुठं जायचं न्हाई. थोरली व्याईस्तोवर चारा तर होईल."

जहीरने नोटा दुर्गाबाईंच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या न मोजता पदराच्या गाठीत बांधल्या.

टेम्पोला फळी लावली. शेवंती फळीपाशी येऊन चारही पाय घट्ट रोवून उभी राहिली. हमालाने शेपूट पिळायला हात घातला, तसा दुर्गाबाईंनी तो झटकला. "हात लावू नगं तिला. मी नेते." पदर खोचून त्या स्वतःच फळीवर चढल्या आणि आत जाऊन उभ्या राहिल्या. शेवंतीने हुंगले, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि त्यांच्या मागोमाग आत गेली.

उन्हे तिरपी झाली होती. संध्याकाळच्या धारेची वेळ उलटत होती. कास तट्ट भरून सड बाहेर झुकले होते. दुर्गाबाई खाली उतरू लागल्या तेव्हा शेवंती रेकली. जहीरने चालकाला हाताने थांबवले.

"वहिनी, उतरू नका. सौदा जनावराचा झालाय. कासेतलं दूध तुमचं. धार काढून घ्या, रिकामी होऊन जाऊ दे तिला."

टपरीवाल्याने आपले ॲल्युमिनियमचे पातेले विसळून दिले. टेम्पोच्या फळ्यांवर शेवंतीचा पाय ठरत नव्हता. पातेले गुडघ्यांत धरावे, तर उकिडवे बसायला जागा नव्हती.

"नवनाथ, वर ये. भांडं धर," दुर्गाबाई म्हणाल्या.

तेवढ्यातच फोनवरचे संगीत थांबले आणि एका स्त्रीचा शांत, स्पष्ट आवाज आला. नवनाथ मोबाइल मान आणि खांद्यात दाबून वर चढला. शेवंतीच्या पोटाशी तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने पातेले धरले. दुर्गाबाईंनी कासेवर पाणी शिंपडले, सड हलके चोळले, तोंडाने तिच्याशी काहीबाही बोलत राहिल्या. बराच वेळ काही आले नाही. मग म्हशीचे अंग सैलावले.

"पैसे कधी पाठवले?" फोनवरून प्रश्न आला.

"आत्ताच. अर्धा-पाऊन तास झाला."

"खातं कोणाच्या नावाचं होतं?"

"कुठल्या तरी ट्रेडर्सचं. दर बारीला नाव येगळं असायचं, मॅडम." त्याने मान वर केली. टेम्पोच्या फळीशी अर्जुनराव उभे होते, जहीर होता, टपरीवाला होता, आणखी माणसे होती. सगळे ऐकत होते. "मला वाटलं, मोठी कंपनी हाय, खाती बरीच असत्याल."

"व्यवहाराचा क्रमांक सांगा. पैसे पुढे गेले नसतील तर थांबवायचा प्रयत्न करू. खात्री देत नाही." क्षणभर थांबून ती म्हणाली, "मागे कसला आवाज येतो आहे? तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही. जरा बाजूला जाऊन बोलता का?"

पातेल्याच्या तळावर पडणाऱ्या पहिल्या धारा खणखणत होत्या. नवनाथच्या मनगटांवर कोमट शिंतोडे उडत होते. त्याने पातेले थोडे तिरपे धरले, पण हात सोडला नाही.

"म्हशीची धार काढतोय, मॅडम," तो आवाज मोठा करून म्हणाला. "पान्हा आलाय, आता हलता येनार न्हाई. तुमी इचारा, मी सगळं सांगतो."